नाताळच्या हिरव्या फांद्यांचा धंदा: ओरेगन-वॉशिंग्टनमधल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्टलंड किंवा सिअॅटलच्या बाहेर दोन-चार एकर जागा घेतलेली असते. आधीच्या मालकाने लावलेली फर आणि सीडरची झाडं जागेवर उभी असतात आणि नोव्हेंबरमध्ये शेजारी पिकअप भरभरून फांद्या नेताना दिसतो. मग फोन सुरू होतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मापं पौंड, फूट आणि इंचांत ठेवली आहेत, कारण इथला व्यापारी त्याच भाषेत बोलतो.

यात नेमकं विकतात काय?

सदाहरित झाडांच्या ताज्या फांद्या. दारावर टांगायचे गोल रीथ, जिन्याच्या कठड्यावर सोडायच्या माळा, चर्चमधली सजावट, दुकानांच्या काचांतली आरास, कबरीवर ठेवायचे गुच्छ, या सगळ्यांचा कच्चा माल हाच. कच्ची फांदी वजनावर जाते, बनवलेली वस्तू नगावर. इथले लोक या सगळ्याला मिळून नुसतं ‘ग्रीन्स’ म्हणतात.

आमच्या घरामागे झाडं आहेत. ती चालतील का?

आधी जात ओळखा. सगळी ‘ख्रिसमस ट्री’ एकसारखी नसतात आणि या धंद्यातला अर्धा तोटा इथेच होतो.

सगळ्यांत वरचा माल नोबल फरचा. सुया दाट, वर वळलेल्या, निळसर झाक असलेल्या, फांदी ताठ, आणि तोडल्यावर कितीतरी आठवडे सुया न सोडणारी. हे झाड मूळचं इथल्याच कॅस्केड पर्वतरांगांमधलं. डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये ते पाहिलं आणि पुढे त्याचं बी युरोपात गेलं. आज डेन्मार्कमध्ये नोबल फरची लागवड मुद्दाम फांद्यांसाठी होते. त्यातला पुष्कळसा माल जर्मनीला जातो. तिथे नोव्हेंबरच्या शेवटी मृतांच्या स्मरणाचा रविवार असतो आणि त्याआधी कबरी हिरव्या फांद्यांनी झाकायची रीत आहे. म्हणजे तिकडे हंगाम नाताळच्याही आधी सुरू होतो.

त्याखालोखाल वेस्टर्न रेड सीडर. लोंबती, मऊ, वासाला सुंदर. माळांसाठी हिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सीडरची आतली जुनी पालवी आपोआप तपकिरी होऊन गळते. तो रोग नव्हे, पण ती झटकून काढल्याशिवाय माल भरू नका. इन्सेन्स सीडरच्या टोकांना हिवाळ्याच्या तोंडावर पिवळे परागकोश येतात. असा पिवळ्या टोकांचा माल फुलवाले शोधत असतात. पूर्व ओरेगनमधला ज्युनिपर निळ्या फळांसकट विकला जातो. तिकडच्या कुरणांत ज्युनिपर इतका माजलेला आहे की काही रँचवाले ‘न्या बाबांनो’ म्हणून परवानगी देतात. हातमोजे मात्र जाड घाला, फार टोचतो.

डग्लस फर दर दुसऱ्या अंगणात असते. ती स्वस्त भरणीचा माल म्हणून चालते, तीही थंडीत तोडली तरच.

हेमलॉक आणि स्प्रूस विकू नका. हेमलॉक वॉशिंग्टनचा राज्यवृक्ष आहे, दिसायला नाजूक आणि देखणा आहे, पण गरम घरात त्याच्या सुया पाहता पाहता गालिच्यावर उतरतात. ज्याच्या गालिच्यावर त्या पडतात तो पुढच्या वर्षी तुमच्याकडे येत नाही.

तोडणी कधी सुरू करायची?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकल्यावर सगळ्यांत कमी पाळला जाणाराही.

तारीख पाहून तोडू नका, थंडी पाहून तोडा. शरद ऋतूत दिवस लहान होतात, रात्री गोठू लागतात, तसं झाड हळूहळू विश्रांतीत जातं. त्या काळात सुयांची फांदीवरची पकड घट्ट होते. ही थंडी मिळायच्या आत तोडलेली फांदी तोडताना अगदी हिरवीगार दिसते. ती फसवते दोन-तीन आठवड्यांनी, गिऱ्हाइकाच्या घरात. नाताळच्या झाडांच्या सुया का गळतात आणि का टिकतात, यावर वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या पुयालप केंद्रात गॅरी चॅस्टॅग्नर यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. जातीइतकाच फरक एकाच जातीतल्या दोन झाडांतही पडतो, हे त्यातून दिसलं. म्हणून आपल्या बागेतली सुया धरणारी झाडं कोणती, हे लक्षात ठेवून त्यांना रंगीत फीत बांधून ठेवा.

मेन राज्यात बाल्सम फरचे शेंडे हाताने मोडतात. तिथे जुना नियम आहे की तीन कडक थंडीच्या रात्री जाऊ द्या, पारा २० फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे उणे सात सेल्सिअसला यायला हवा. तपासणी सोपी आहे: शेंडा वाकवला आणि कट्कन मोडला तर तयार, नुसता लवला तर थांबा. इकडे आपण सिकेटर वापरतो, पण ही परीक्षा इथेही उपयोगी पडते.

अडचण अशी की बाजार थंडीची वाट पाहत नाही. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान. दुकानदाराला माल त्याआधी हवा, रीथ बनवणाऱ्याला त्याच्याही आधी. म्हणजे थंडी पडणं आणि माल पोहोचणं यांच्यात हातात राहतात दोन-तीन आठवडे. म्हणूनच नोबल फरचा बराचसा माल तीन-चार हजार फुटांवरून येतो. ओरेगनमधल्या विलामेट खोऱ्याच्या तळापेक्षा तिथे थंडी लवकर उतरते. पण लवकर थंडी म्हणजे लवकर बर्फही, आणि बर्फ पडलं की जंगलातले कच्चे रस्ते बंद. ऑक्टोबर उबदार गेला तर खोऱ्यातल्या लहान बागवाल्याने सरळ एक आठवडा उशिरा सुरू करावं. व्यापारी कुरकुर करेल, करू द्या.

फांदी कुठून आणि किती तोडायची? झाड मरणार नाही ना?

नीट तोडलं तर मरत नाही. त्याच झाडावर काही वर्षांनी पुन्हा येता येतं. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे फर जातीच्या झाडाला सुया नसलेल्या जुन्या लाकडातून नवी फूट जवळजवळ येत नाही. द्राक्षाच्या खरड छाटणीचा हात इकडे चालवलात तर फांदीचा कणा उघडाच राहतो. खोडाला लागून फांदी कापू नका. मागे हिरव्या, सुया असलेल्या एक-दोन उपफांद्या राहतील इतका दांडा ठेवा, त्यांतूनच पुढचा माल येणार आहे.

झाडाचा वरचा अर्धा भाग सोडून द्या. तिथूनच झाडाचं अन्न येतं. मिनेसोटात बाल्सम फर तोडणाऱ्यांना सांगतात की कापलेल्या जागी फांदी पेन्सिलीपेक्षा जाड नको. ते झाड वेगळं असलं तरी घरच्या झाडांसाठी हा अंदाज वाईट नाही. सावलीतल्या फांद्या चपट्या आणि विरळ सुयांच्या निघतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नका. उन्हातली फांदी दाट आणि निळसर असते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नव्या सुयांची टोकं तपकिरी झालेली दिसली तर ती झाडं यंदा वगळा. नोबल आणि ग्रँड फरमध्ये हा त्रास इथे सर्रास आढळतो आणि असा माल कुणी घेत नाही.

रंग पिवळट असेल तर बहुधा नत्र कमी पडलंय. इथले बागवाले उन्हाळ्याच्या अखेरीस नत्र देतात, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत रंग भरतो.

नवीन लागवड केली तर पहिला माल कधी?

नोबल फरला साधारण आठ-दहा वर्षं धरा. तोवर गवत काढायचं, हरणांपासून राखायचं आणि पाणी साचत नाही ना हे पाहायचं. साचलेल्या पाण्यात नोबल फर मुळांच्या रोगाने जाते, म्हणून उतार आणि निचरा हवाच. फक्त फांद्यांसाठी कोरी लागवड करावी असं आम्ही कुणाला सुचवत नाही. ख्रिसमस ट्री म्हणून लावलेल्या बागेत जी झाडं वाकडी निघतात, ती फांद्यांसाठी राखणं जास्त शहाणपणाचं. ओरेगन अमेरिकेत सगळ्यांत जास्त ख्रिसमस ट्री पिकवणारं राज्य आहे, त्यामुळे अशा उरलेल्या झाडांची इथे वानवा नाही.

जंगलात एवढी झाडं आहेत. तिथून फुकट आणता येत नाहीत का?

नाही. सरकारी असो वा खाजगी, जंगलाला मालक आहे. नॅशनल फॉरेस्टमध्ये घरगुती वापराचा स्वस्त परवाना मिळतो, पण त्यावर आणलेली फांदी विकता येत नाही. विक्रीसाठी वेगळा परवाना लागतो, आणि कुठल्या भागात, कुठल्या जातीचं, किती तोडायचं हे रेंजरचं ऑफिस ठरवतं. खाजगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी हवी. ओरेगन आणि वॉशिंग्टन दोन्हीकडे ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त माल गाडीत असेल तर तो कुठून आला याचा कागद सोबत लागतो, आणि पोलीस गाडी थांबवून तो मागतात. मेनमध्येही लेखी परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे. ‘ओळखीचा आहे, बोललोय त्याच्याशी’ हे आपल्याकडचं उत्तर इथे चालत नाही.

दक्षिण ओरेगनमध्ये पोर्ट ऑरफर्ड सीडर तोडायला जाणार असाल तर आणखी एक सांगणं. त्या झाडाला मुळांचा एक जीवघेणा रोग आहे आणि तो चिखलातून पसरतो. बुटांना, टायरला लागलेली माती पुरे होते. आत जाताना आणि बाहेर येताना धुऊन घ्या. काही रस्ते ओल्या दिवसांत याच कारणासाठी बंद ठेवतात.

ही तोडणी करतं कोण? मजूर मिळतात का?

डोंगरातली तोडणी मुख्यतः मेक्सिको आणि ग्वाटेमालातून आलेले कामगार करतात. त्यांच्याआधीपासून कंबोडिया आणि लाओसमधून आलेली कुटुंबंही या कामात आहेत. काम जड, पावसातलं आणि निसरड्या उतारावरचं. वजनावर मजुरी असली तरी किमान वेतनाचा कायदा लागू होतो. दोन एकरवाल्याने घरच्या माणसांत जमेल तेवढंच हाती घ्यावं.

तोडलेल्या फांद्या साठवायच्या कशा?

थंड, ओलसर, अंधारात, वारा न लागेल अशा. गोठणबिंदूच्या जरा वर, ३३ ते ३५ फॅरनहाइट, आणि हवेत भरपूर ओलावा. मोठ्या व्यापाऱ्यांकडे त्यासाठी शीतगृहं असतात. लहान माणसाला उत्तरेकडच्या भिंतीलगत, जमिनीवर लाकडी फळ्या टाकून, वर ओलं गोणपाट घालून काम भागवता येतं. वरून निळी ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. उन्हाचा एक तास मिळाला तरी आत वाफ धरते आणि भारा मधोमध गरम होऊन सुया तपकिरी पडतात. भारे उंच रचले तरी तेच होतं, हात आत घालून बघत जा.

उघड्या पिकअपमधून हायवेवर नेणं हा माल वाळवायचा सगळ्यांत झटपट मार्ग आहे. झाकून न्या, शक्यतो पहाटे.

जंगलातून भारे साधारण ४०-५० पौंडांचे निघतात. फुलवाल्यांना मात्र २०-२५ पौंडांच्या पेट्या बऱ्या पडतात.

कच्चा माल विकावा की रीथ बनवून?

जागा लहान असेल तर बनवूनच विका. वजनावर विकताना तुमची बरोबरी डोंगरातून ट्रक भरून आणणाऱ्याशी होते, आणि ती तुम्ही जिंकणार नाही. रीथमध्ये तुमचा हात विकला जातो. सहा ते आठ इंचांच्या तीन-चार डहाळ्यांची जुडी करायची आणि तारेच्या कड्यावर एकीच्या देठावर दुसरीचा शेंडा येईल अशा जुड्या बसवत जायच्या. १२ इंचांच्या कड्यावर बाहेरून २० ते २४ इंचांचं रीथ होतं. हाताने बांधायला २२ गेजची हिरवी तार वापरतात. पायाने दाबायचं क्लॅम्प यंत्र घेतलं तर वेग कितीतरी वाढतो. नोबल एकटी फार ताठ दिसते. मध्ये सीडर आणि थोडा ज्युनिपर घातला की रीथला जीव येतो. गजरे आणि वेण्या करायची सवय असलेल्या हातांना हे काम पटकन जमतं, असा आमचा अनुभव आहे.

रीथचा धंदा केवढा वाढू शकतो याचं उदाहरण मेनमधल्या हॅरिंग्टन गावचं. तिथल्या मॉरिल वूस्टर या रीथ-उत्पादकाकडे १९९२ मध्ये हंगामाअखेर माल उरला. त्याने तो राजधानी वॉशिंग्टन डी.सी.जवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत सैनिकांच्या कबरींवर ठेवला. त्यातून पुढे ‘रीथ्स अॅक्रॉस अमेरिका’ ही देशभरची मोहीम उभी राहिली.

भाव कसा ठरतो आणि गिऱ्हाईक कुठे शोधायचं?

घाऊक भाव नोव्हेंबरमध्ये ठरत नाही, ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच बोलून झालेला असतो. झाडं उभी असतानाच दोन-तीन व्यापाऱ्यांना बोलवा, फांद्या दाखवा, लांबी आणि प्रत ठरवून घ्या. तोडून झाल्यावर गिऱ्हाईक शोधणारा माणूस पडेल त्या भावाला देतो. किरकोळीला शनिवारचे बाजार, चर्च, शाळांच्या निधीसाठी होणारी विक्री आणि गल्लीतली फुलांची दुकानं. फुलवाल्याला नोबलच्या ढिगाऱ्यापेक्षा चार प्रकारांची मिश्र पेटी जास्त आवडते. पाच-सहा डिसेंबरनंतर घाऊक मागणी एकदम बसते.

हॉलीचं काय?

लाल फळांची, काटेरी पानांची हॉली इथे पूर्वापार पिकवतात. फळ फक्त मादी झाडाला येतं, आणि जवळ नर झाड लागतं. पिकलेल्या सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने हॉलीची पानं गळतात, म्हणून दोन्ही एका खोलीत ठेवू नका. व्यापारी माल याच कारणासाठी एनएए या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवून काढतात. पक्षी बी पसरवतात आणि इंग्लिश हॉली जंगलात घुसते, म्हणून वॉशिंग्टनमध्ये तिच्याकडे तण म्हणून पाहिलं जातं. नव्याने लावू नका. फळं विषारी आहेत. लहान मुलं, कुत्री-मांजरं असलेल्या घरी देताना तसं सांगून द्या.

मी एच-१बी व्हिसावर आहे. जोडधंदा म्हणून करू शकतो का?

ज्या कंपनीने व्हिसासाठी अर्ज केला तिच्याशिवाय दुसरं कमाईचं काम एच-१बी वर करता येत नाही, स्वतःचा धंदा असला तरी. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांनाही परवानगीशिवाय बाहेर काम चालत नाही. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असून कामाची परवानगी, म्हणजे ईएडी, असेल तर गोष्ट वेगळी. शनिवारच्या बाजारात ‘नुसतं बसायला’ म्हणून जाण्याआधीही इमिग्रेशन वकिलाशी बोला. चार रीथसाठी ग्रीन कार्डाची फाइल अडकवू नका.

दुसऱ्या राज्यात पाठवता येतं का?

पाठवता येतं, पण कीड तुमच्या पेटीत बसून जाऊ शकते. २०१८ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये बाहेरून आलेल्या रीथ आणि फांद्यांवर एलाँगेट हेमलॉक स्केल ही खवलेकीड सापडली. नंतर लोकांना सजावट कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात द्यायला सांगावं लागलं. बॉक्सवुड या सदाहरित झुडपावर पोसणारा पतंग २०२१ मध्ये अमेरिकेत रोपांसोबत आला, तेव्हापासून बॉक्सवुडच्या फांद्यांवरही नजर असते. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर शेतमाल तपासतात. हवाईला जाणारी ओरेगनची झाडं तर आधी यंत्रावर गदागदा हलवतात, गोगलगायी आणि गांधीलमाश्या पडून जाव्यात म्हणून. पहिली पेटी पाठवण्याआधी राज्याच्या कृषी खात्याला फोन करा, तो फुकट आहे.

दिवाळीच्या तोरणाला चालतील का?

आंब्याची पानं मिळत नाहीत म्हणून हा प्रश्न दरवर्षी येतो. सीडरच्या छोट्या डहाळ्या झेंडूसोबत छान दिसतात. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तोवर थंडी बरी असेल. दिवाळी ऑक्टोबरात आली तर फांद्या आदल्या दिवशी तोडा आणि तीन-चार दिवसांत उतरवा. पणत्यांपासून लांब ठेवा. वाळलेली सीडर कापरासारखी पेट घेते.

घरात किती दिवस टिकतात?

दाराबाहेर, सावलीत, थंड हवेत नोबलचं रीथ महिनाभर सहज. हीटर चालू असलेल्या खोलीत दीड-दोन आठवडे धरा. आणल्या आणल्या देठ नव्याने कापून फांद्या रात्रभर पाण्यात ठेवल्या तर फरक पडतो. सुई दोन बोटांत वाकवल्यावर तुटली तर फांदी काढून टाकायची वेळ झाली.

महाराष्ट्रात अशी शेती होईल का?

नोबल फरची नाही. महाबळेश्वरची थंडी तिला पुरत नाही. वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पूर्वीपासून सुरूची फांदी ख्रिसमस ट्री म्हणून उभी करत आले आहेत, हल्ली कुंडीतला अरौकेरियाही दिसतो. सुरूची मागणी खरी आहे, पण कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची बनं वारा आणि वाळू अडवायला लावलेली आहेत, त्यांना हात लावायचा नाही. स्वतःच्या बांधावर सुरू असेल किंवा रोपवाटिकेत मोरपंखी असेल तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबई-पुण्याच्या फुलवाल्यांकडे चौकशी करून पाहायला हरकत नाही. तोडण्याआधी झाडतोडीचे स्थानिक नियम पाहून घ्या.

डिसेंबरमध्ये भारतात जाताना आईसाठी एक रीथ नेता येईल?

नाही. भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली अशा मालाला आयात परवाना आणि इकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते एका रीथसाठी कुणी काढत बसत नाही. विमानतळावर काढून घेतील. कडं आणि तार न्या, सुरूच्या डहाळ्या तिकडे मिळतील.